मोजकाकांची बस

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, शाळेची बस चालवतात. शाळेतली पोरं त्यांना मोजकाका म्हणतात आणि आता पोरांचे आईबापही तेच म्हणतात. वस्तीच्या तोंडाशी बस उभी करायची, पोरं चढली की आपल्या जागेवरून उठायचं, आत तोंड करून उभं राहायचं आणि बोट नाचवत एकेक डोकं मोठ्यानं मोजायचं, हा त्यांचा रोजचा नेम. मोजणी जुळली की ‘पूर्ण’ म्हणतात आणि मगच किल्ली फिरवतात. मागच्या गाड्यांनी भोंगे वाजवून आकाश डोक्यावर घेतलं तरी हा माणूस ढिम्म.

यावरून मी त्यांना कमी छळलेलं नाही. मी समोरच्या गल्लीत राहते, शाळेचे गणवेश शिवते. आमच्याकडे जेवायला आले की मी मुद्दाम विचारायची, “भाऊजी, घास मोजून खाताय ना? एखादा राहून जायचा हं ताटात.” ते मान खाली घालून जेवत राहायचे. ताई हसायची. हसता हसता तिला खोकला लागायचा, मग तो थांबायचा नाही आणि हसणं तिथंच राहायचं.

त्या खोकल्याचं सांगायलाच हवं. आमच्या वस्तीच्या मागे भिंत आहे आणि भिंतीपलीकडे सगळ्या शहराचा कचरा पडतो. तो आतून धुमसत असतो. ज्वाळा दिसत नाहीत, नुसता धूर. वाळत घातलेल्या कपड्यांना वास, उशीला वास, पाण्याच्या हंड्यालाही वास. आम्हाला सवय झाली, ताईच्या छातीला झाली नाही. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, “एक तर हा धूर जायला हवा, नाहीतर तुम्ही.” ताई घरी येऊन म्हणाली, “मी नाही जायची. हे घर मी आणि ह्यांनी विटेवर वीट ठेवून बांधलंय. धुराला सांगा जायला.” तिनं हे गमतीत म्हटलं, पण आम्ही मनावर घेतलं.

धुराला सांगायला कोण जाणार? आमच्या बालवाडीच्या बाई. वस्तीतली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली अक्षरं गिरवून मोठी झाली. त्यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. बाईंना नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं करायचं ठरलं, ते आमच्याच ओट्यावर. पक्ष नाही, पैसा नाही, अपक्ष. त्यांचं मागणं एकच, कचरा इथून हलवा. बाई आधी नको नको म्हणाल्या. मग ताई त्यांच्या घरी जाऊन आली. ती काय बोलली असेल कुणास ठाऊक. बहुतेक काहीच बोलली नसेल, नुसती तिथवर चालत गेली असेल आणि बाईंनी तिचा श्वास ऐकला असेल.

आणि भाऊजींना मोजायला शिकवलं ते याच बाईंनी. नवीन असताना एकदा भाऊजी बस आगारात लावून, कुलूप घालून घरी निघाले होते. मागच्या बाकावर एक लहानशी मुलगी झोपलेली राहिली होती. बालवाडीच्या दारात एक मूल कमी म्हटल्यावर बाई पदर खोचून भर उन्हात आगारापर्यंत धावत गेल्या. मुलगी घामानं भिजलेली, घाबरून मुकी झालेली, पण धड होती. बाईंनी भाऊजींना ना शिवी दिली ना तक्रार केली. म्हणाल्या, “उद्यापासून मोजायचं. मोठ्यानं मोजायचं, म्हणजे स्वतःला फसवता येत नाही. आणि आकडा जुळल्याशिवाय चाक हलवायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही.” भाऊजींनी ते असं धरलं की बास.

तर बाई जिंकल्या. चांगल्या दणक्यात जिंकल्या. बातमी आली तेव्हा ताई खिडकीजवळ बसली होती. ती उठली आणि तिनं खिडकी उघडली, जणू धूर त्याच दुपारी जाणार होता. मीही खुळीच. शिवणाचं मशीन झाकून ठेवलं आणि बाईंच्या दारी गेले. बाई दमून पाटावर बसल्या होत्या, गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवलेला. म्हणाल्या, “आता दोन महिन्यांत बघू या.” त्यांनाही वाटलं होतं की जिंकलं म्हणजे झालं.

संध्याकाळी बाकीचे निकाल आले. कुणालाच बहुमत नाही. एकीकडे ट्रकवाले, म्हणजे मोठ्या पक्षाचे पुढारी. शहराचा कचरा वाहणारे सगळे ट्रक त्यांचेच. दुसरीकडे एक वकीलसाहेब, त्यांच्यामागे दोनतीन लहान पक्षांची मोट. दोघांकडे माणसं सारखीच, आणि मधे आमच्या बाई एकट्या. बाई जिकडे जातील तिकडे नगरपालिका. आम्हाला वाटलं, याहून भाग्य ते कोणतं! ज्यांना आयुष्यात कुणी भीक घातली नाही, त्यांच्यावाचून आता सगळ्यांचं अडलं होतं.

वकिलांनी शब्द दिला की पहिला ठराव कचरा हलवण्याचा करू, तसा कागदही करून दिला. फक्त ठरलेल्या दिवशी दुपारच्या आत कचेरीत येऊन त्यांच्या गटात सही करायची होती. एकदा सगळ्यांच्या सह्या होऊन गटाची नोंद झाली की कुणाला फुटता येत नाही, असा काहीतरी नियम होता. बाई होय म्हणाल्या.

पण त्याआधीच ट्रकवाल्यांची माणसं बाईंच्या दारात आली. आवाज अगदी मऊ. कचऱ्याबद्दलच बोलायचंय, साहेबांना स्वतःला चूक कळली आहे, एक बैठक आहे, तासाभरात आणून सोडतो. बाईंना ते पटलं नव्हतं. त्या दारातून बाहेर आल्या तर समोर कोपऱ्यावर शाळेची बस उभी आणि आत आमचे भाऊजी! शाळेला सहामाहीची सुट्टी होती. बसच्या मालकानं भाऊजींना ‘भाडं आहे, चल’ एवढंच सांगितलं होतं. आरामबस दिसली की वर्तमानपत्रवाले मागे लागतात, शाळेच्या बसकडे कोण बघतो, असा त्या मंडळींचा हिशेब. बाई मला नंतर म्हणाल्या, “मोजकाकांची बस म्हटल्यावर मी निर्धास्त चढले गं.”

बस सुटली ती शहराबाहेर. पोरांच्या बाकांवर ही मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली. सगळे ट्रकवाल्यांच्या बाजूचे निवडून आलेले, कालच हार घालून मिरवलेले आणि आज कुणी फुटू नये म्हणून उचललेले. त्यांचे फोन एका पिशवीत गोळा केले. बसमध्ये देखरेखीला एक जाडसर तरुण माणूस होता. कुणी कुणाच्या शेजारी बसायचं, कुणी कधी उतरायचं, सगळं तोच ठरवी. भाऊजींनी त्याचं नाव मनातल्या मनात मॉनिटर ठेवलं. एकानं पाणी प्यायला उतरू का म्हणून बोट वर केलं, तेव्हा भाऊजींना हसू आवरेना. हे सगळं त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून, तुकड्यातुकड्यानं. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

शहराबाहेर तळ्याकाठी कसलंसं प्रशिक्षण केंद्र होतं, तिथं सगळ्यांना ठेवलं. ओल्या भिंती, लोखंडी खाटा, फाटकावर माणसं. निवडून आलेली ही मंडळी दिवसभर पत्ते कुटायची, जेवण खारट म्हणून भांडायची आणि घरची आठवण काढायची. एकाची नात आजारी होती, दुसऱ्याचं दुकान बंद पडलं होतं. सोडा म्हटलं की मॉनिटर म्हणे, “साहेब, तुम्ही जिंकलात ना? मग आता सोसायचं.” भाऊजी बसमध्येच झोपत. त्यांनाही घरी जाऊ देत नव्हते. इकडे ताईला वाटे, हे कुठे अडकले. मला वाटे, बाई कुठे अडकल्या. दोघं एकाच ठिकाणी असतील हे आम्हाला कुठून सुचणार?

तिथून पुढे दुसऱ्या ठिकाणी हलायचं ठरलं, त्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊजी बसच्या काचा पुसत होते. बाई शतपावली करत करत तिथं आल्या आणि काचेत आपले केस नीट करत हळूच म्हणाल्या, “उद्या चहाला थांबाल तिथं मी मागच्या बाजूला जाईन. वकिलांची गाडी असेल. स्वयंपाक्यानं निरोप आणलाय.”

“बरं,” भाऊजी म्हणाले.

“दुपारच्या आत मला कचेरीत पोचायचंय. तुम्ही काही करू नका. चहा झाला की फक्त बस काढा. अर्ध्या वाटेवर गेल्यावर त्यांना कळलं तरी चालेल.”

“काढतो.”

“तुमच्या चेहऱ्यावर सगळं दिसतं हो, मोजकाका. म्हणून सांगणार नव्हते. पण न सांगता गेले असते तर तुम्ही घाबरला असता.”

“बाई, घरी हिची छाती…” एवढं म्हणून भाऊजी थांबले.

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणून तर.”

भाऊजींना झोप लागली नाही. सकाळी ते ठरवूनच उठले की चहाच्या थांब्यावर मोजायचं नाही. मागं बघायचंसुद्धा नाही. केंद्रातून निघताना मोजलं, तिथं सगळे होते, ‘पूर्ण’ म्हटलं. तेवढं पुरे.

चहाचा थांबा आला. सगळे उतरले. टपरीच्या मागे संडास आणि त्याच्या पलीकडे कुंपण होतं. बाई पिशवी घेऊन तिकडे गेल्या. भाऊजी जागेवरून हलले नाहीत, चहाही नको म्हणाले. मंडळी एकेक करत परत चढली. मॉनिटर बिस्किटाचा पुडा फोडत शेवटी आला, दार ओढलं आणि म्हणाला, “चला काका.”

त्यानं मोजलं नव्हतं. तो बिस्किटं खात होता.

भाऊजींनी किल्ली फिरवली. इंजिन लागलं. क्लचवरचा पाय उचलायचा, एवढंच राहिलं होतं. “पाय उचलेचना,” ते आम्हाला म्हणाले, आणि स्वतःच्या पायाकडे बघत राहिले. इतकी वर्षं हा माणूस मोजल्याशिवाय हलला नव्हता. मागचा बाक डोळ्यांपुढे आला, त्यावरची ती घामानं भिजलेली पोर आली. डोकं सांगत होतं, अरे, हे वेगळं आहे, निघ. ते इंजिन बंद करून उठले. आत तोंड करून उभे राहिले. बोट वर गेलं. मॉनिटर गमतीनं बघत होता. बाकांवरचे मोठे लोक हसायला लागले, एकानं ‘हजर’ म्हटलं. आणि भाऊजींच्या तोंडून खणखणीत निघालं, “एक कमी.”

मॉनिटरच्या हातातला पुडा खाली पडला. तो उडी मारून टपरीमागे धावला, त्याच्यामागे केंद्राच्या फाटकावरून सोबत घेतलेले दोघे. बाई गाडीत बसतच होत्या. या माणसांनी गाडीचं दार धरून ठेवलं. मारहाण नाही, ओढाओढ नाही. “बाई, उन्हात कशाला उभ्या? चला ना, सगळे खोळंबलेत.” बाईंना तमाशा नको होता. त्या पिशवी सावरत परत आल्या, बसमध्ये चढल्या आणि भाऊजींच्या अगदी मागच्या बाकावर बसल्या.

मॉनिटरनं भाऊजींच्या खांद्यावर थाप मारली. “काका, तुमच्यासारखा माणूस पाहिजे आम्हाला. आमच्या पोरांना नाही जमत हे. आता पूर्ण ना? काढा मग.”

भाऊजींनी बस काढली. आरशात बाई दिसत होत्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, असं ते म्हणाले. बाहेर बघत होत्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असंही म्हणाले.

पुढचं काय सांगू? मला त्याचा कंटाळा आला आहे. दुपारी कचेरीत वकील वाट बघत बसले. बाई आल्या नाहीत म्हटल्यावर त्यांच्या मोटेतल्या दोघांनी वारा ओळखला, सही करायचं टाळलं आणि चार दिवसांत ते ट्रकवाल्यांकडे निघून गेले. म्हणजे आता बाईंवाचून कुणाचंच अडेना. लगेच मॉनिटर बाईंच्या खोलीवर आला आणि म्हणाला, “तुम्हाला बरं वाटत नाहीसं दिसतंय, घरी जा तुम्ही.” सोडायला गाडीसुद्धा दिली नाही. आठवडाभर ज्यांना डोळ्यांत तेल घालून जपलं, त्या बाई फाट्यावर उभ्या राहून, हात करून मिळेल त्या गाडीनं घरी आल्या.

नगरपालिकेचा अध्यक्ष निवडायच्या मतदानाच्या दिवशी बाईंनी वकिलांच्या बाजूनं हात वर केला. सभागृहात कुणी वळून बघितलंही नाही. नंतर त्यांनी कचऱ्याचा प्रश्न मांडला, तर अध्यक्ष म्हणाले, आपली सूचना नोंदवून घेतली आहे. आम्ही गॅलरीत बसलो होतो, मी आणि ताई. ताई मला म्हणाली, “आपण जिंकलोय ना गं?” मी म्हटलं, “जिंकलोय.” दुसरं काय म्हणणार? मतं आमचीच जास्त होती. आमच्या बाई खुर्चीवर बसल्या होत्या, पुढे त्यांची पाटीही होती. पण त्या खुर्चीला किंमत होती ती समोरच्यांना एक डोकं कमी पडत होतं तोवर. ते एक डोकं त्यांना दुसरीकडे मिळालं, तेव्हा आमचं जिंकणं संपलं. मला हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी शिवण टाकून दारोदार फिरले नसते. खरं तर फिरलेच असते. जाऊ दे.

नवी नगरपालिका बसली आणि ट्रक वाढले.

वस्तीत भाऊजींना कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं. मी तर पहिल्या दिवशी रागानं लाल झाले होते. ओट्यावर उभी राहून म्हटलं, “एक दिवस, भाऊजी! एक दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही?” त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा केलेली नाही. राग गेला, पण ती थट्टाही गेली.

शाळा उघडली त्याच्या आदल्या दिवशी ते ताईला म्हणाले, “उद्यापासून मोजणार नाही मी. हात जोडले त्या मोजण्याला.” ताई तेव्हा उशीला टेकून बसली होती. एक वाक्य बोलायला तिला दोनदा थांबावं लागे. ती म्हणाली, “अहो, त्यात लोकांची पोरं असतात… मोजत जा.” मग बराच वेळ दम खाऊन म्हणाली, “माझ्यासाठी कुणाचं पोर… मागच्या बाकावर राहायला नको.”

सकाळी भाऊजींनी मोजलं. बालवाडीच्या दारात बस थांबली, बाई नेहमीसारख्या पायरीवर उभ्या. नगरसेवक झाल्या म्हणून काही बालवाडी सुटली नव्हती. लहान पोरांना एकेक करून त्यांच्या हातात देताना भाऊजी मान वर करत नव्हते. शेवटचं पोर उतरल्यावर बाई म्हणाल्या, “मोजकाका, मोजायला मीच शिकवलं होतं ना तुम्हाला? मग तुमच्या एकट्याच्या माथी कशाला घेता?” हे मला बाईंनीच सांगितलं. आणि सांगताना त्या रडल्या. निवडणुकीच्या इतक्या भानगडीत त्या रडल्याचं मी पाहिलं नव्हतं.

थंडीत धूर खाली बसायला लागला तेव्हा ताईला लेकीकडे नेऊन ठेवायचं ठरलं. भाची दूर दुसऱ्या शहरात असते, तिथं हवा चांगली आहे. ताईनं शेवटपर्यंत हुज्जत घातली नाही. तेच मला जड गेलं. भांड्यांच्या फळीवर तिनं नवा कागद घातला, भाऊजींना डाळीतांदळाचे डबे कुठे आहेत ते दोनदा दाखवलं आणि खिडकी घट्ट लावून घेतली. आता मधूनमधून येते. दोन दिवसांत छाती भरते, की परत जाते. भाऊजींची नोकरी इथं, घर इथं. त्यांना जाता येत नाही.

भाऊजी ताईला सोडून परत आले त्या दिवशी, दिवेलागणीला, मी त्यांच्यासाठी ताट वाढून नेलं. ते दार लावायला उठलेच होते. एक हात कडीवर, पाठ माझ्याकडे, तोंड घरात. खोली केवढीशी! खाट, कपाट, ताईची उशी. त्यांचं बोट वर गेलेलं मला दिसलं. मी मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

“एक कमी,” ते म्हणाले.

मग त्यांनी कडीवरचा हात काढला आणि दार तसंच सताड उघडं ठेवून ताटावर येऊन बसले. बाहेर भिंतीपलीकडून धूर यायला लागला होता.

“भाऊजी, धूर आत येतोय,” मी म्हटलं. “दार लावा ना.”

त्यांनी लावलं नाही.